शेळीचे खूर घरींच कापावेत

आपल्या या मासिकांत धानाच्या बियाण्याविषयीं, खतांविषयीं, मामा तलावांच्या पाळींविषयीं आणि दुभत्या गुरांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें व तें योग्यच आहे. परंतु शेळीच्या खुरांविषयीं चार ओळी लिहाव्यात असें कोणास वाटलेलें दिसत नाहीं. विषय क्षुल्लक आहे असें पुष्कळांचें मत पडेल. गेल्या पावसाळ्यापर्यंत माझेंही तेंच मत होतें. त्यामुळें वाचकांस दोष देण्याचा अधिकार मला पोंचत नाहीं.

महसूल खात्यांतून निवृत्त झालेल्या कारकुनाकडे गांवचे लोक अर्ज लिहून घेण्यास येतात. गेल्या भाद्रपदांत सिंदेवाही तालुक्यांतील एक बाई अशाच कामासाठीं माझ्याकडे आली. तिची शेळी जंगलाच्या कडेला बिबट्यानें मारली होती व वन विभागाकडून भरपाई मिळावी असा अर्ज तिला हवा होता. मीं सवयीप्रमाणें नांव, गांव, दिनांक, साक्षीदार आणि मृत्यूचें कारण हें सर्व व्यवस्थित लिहिलें व वाचून दाखविलें. तेव्हां ती म्हणाली, "बाबूजी, एक राहूनच गेलं. बकरी दोन महिन्यांपासून लंगडत होती. कळपाच्या मागंच राहे. माझा सासरा तिले आणाले मागं फिरला, तवाच त्याच्यासमोर बिबट आला." म्हातारा आरडाओरडा करून वांचला, शेळी गेली. अर्जांत लंगडण्यासाठीं रकाना नसतो, म्हणून मीं तें लिहिलें नाहीं.

पुढें त्या गांवीं जाण्याचा प्रसंग आला तेव्हां तिच्या उरलेल्या तीन शेळ्या मीं पाहिल्या. तिघींच्याही खुरांचीं टोकें जुन्या चढावांप्रमाणें पुढें वाढून वर वळलेलीं होतीं. बाहेरची कड तळव्यावर दुमडली होती आणि त्या दुमडींत माती व लेंड्या कोंडून कुजत होत्या. चालतांना शेळी टोकावर भार न घेतां टाचेवर घेत असे. अशा जनावरानें कळपाबरोबर चालावें कसें? आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मागें राहणाऱ्या शेळीचा अर्थ निराळा आहे. इतरत्र ती उशिरा घरीं येते; येथें तिच्यासाठीं माणूस सांजवेळीं एकटा झुडपांत परत फिरतो. वाघाच्या व बिबट्याच्या तोंडीं गेलेल्या माणसांत गुरें-शेळ्या राखणारे किती असतात, हें सिंदेवाही, मूल, सावली, ब्रह्मपुरी या तालुक्यांतील वाचकांस मीं सांगावयास नको.

रानांत चरणाऱ्या बकरीला कोणता न्हावी लागतो, असें एका वृद्ध शेतकऱ्यानें मला हंसत विचारलें. प्रश्न अगदींच खोटा नाहीं. खूर हें नखाप्रमाणेंच सतत वाढणारें द्रव्य आहे व खडकाळ जमिनीवर तें चालतां चालतां झिजतें. उस्मानाबादी शेळी ज्या जिल्ह्याच्या नांवानें ओळखली जाते (त्याचें नांव २०२३ पासून धाराशिव झालें), तेथील काळ्या दगडाच्या माळावर हें काम निसर्ग करतो. आपल्या धानपट्ट्यांत बांध्यांचा चिखल, तलावाकाठची ओल व जंगलांतील पालापाचोळा यांवर खूर झिजावा कशानें? त्यांतच वाघाच्या भयानें कित्येकांनीं शेळ्या रानांत नेणें सोडून अंगणांत बांधून झाडपाला घालण्यास सुरुवात केली आहे. निस्तार पत्रकांत चराईचा हक्क लिहिलेला असतो, पण भय हक्कास विचारीत नाहीं. बांधलेल्या शेळीचा खूर वाढतच राहतो. भामरागड-एटापल्लीच्या डोंगराळ भागांत दिवसभर दगडांवर फिरणाऱ्या शेळ्यांना कदाचित् वर्षभर हात लावावा लागणार नाहीं. म्हणून कापण्यापूर्वीं पाहावें, हें पहिलें.

२०१९ च्या पशुगणनेंत महाराष्ट्रांत एक कोटी सहा लाखांच्या घरांत शेळ्या मोजल्या गेल्या. त्यांतील लंगड्या किती, हें गणनेचें काम नव्हे. नैसर्गिक आपत्तींत मेलेल्या शेळीमागें ४,००० रुपये असा निकष केंद्र शासनानें २०२२ मध्यें ठेवला होता. अशा पंचनाम्यांचे कागद मीं उभ्या नोकरींत पुष्कळ हाताळले. मेलेल्या शेळीची किंमत कागदावर येते. लंगडी मात्र कमी खाते, कमी दूध देते, तिचीं पिल्लें दुबळीं राहतात, पाय दुखणारा बोकड माजावरील शेळीवर चढत नाहीं आणि आठवडी बाजारांत व्यापारी पाय पाहून भाव पाडतो. हें नुकसान घरच्या बाईच्या पदरीं गुपचूप पडतें. कारण शेळी बहुधा तिचीच असते.

आतां कृति. वर्णन करतांना अवघड वाटते, हातांनीं करतांना तितकी नाहीं. फळझाडांच्या छाटणीची लहान धारदार कात्री, एक कानस आणि माती काढण्यास बांबूची बोथट काडी एवढें साहित्य पुरे. पावसाळ्यांत खूर मऊ असतो. उन्हाळ्यांत तो लांकडासारखा कडक होतो, म्हणून पाय अर्धा तास पाण्यांत भिजवावा किंवा ओल्या गोणपाटावर शेळी उभी करावी. बैलास नाल मारतांना पाडतात, तसें शेळीस पाडूं नये. खुंटास आंखूड बांधून पुढें पाला टाकावा, एकानें मान धरावी व दुसऱ्यानें बाजूस उभें राहून पाय हळूच मागें दुमडावा. पाय बाहेरच्या बाजूस ओढल्यास सांधा दुखतो व ती लाथा झाडते. प्रथम काडीनें घाण काढावी. मग तळव्याच्या खालीं आलेली बाहेरची कड टाचेपासून टोंकापर्यंत कापावी, नंतर टोंक. तळव्याचे काप कागदासारखे पातळ घ्यावेत. आंतला भाग गुलाबीसर दिसूं लागतांच हात थांबवावा. त्यापुढें जिवंत मांस आहे. दोन्ही नख्या सारख्या उंचीच्या झाल्या व तळवा वरील केसांच्या कडेशीं समांतर आला कीं काम झालें. एका बैठकींत सर्व वांकडेपण काढण्याचा हट्ट धरूं नये. फार वाढलेला खूर दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानें थोडा थोडा कापीत आणावा. रक्त आल्यास स्वच्छ फडक्यानें दाबून धरावें व शेळी कोरड्या जागीं बांधावी. जखम मोठी असल्यास धनुर्वाताचें भय असतें, तेव्हां पशुवैद्यकास दाखवावें. गाभण शेळीस शेवटच्या महिन्यांत या कामासाठीं त्रास देऊं नये. बांधून पाळलेल्या शेळ्यांचे खूर दीड-दोन महिन्यांनीं पाहावेत. पिल्लांचे पाय लहानपणापासून हातांत घेत गेल्यास पुढें ओढाताण होत नाहीं.

येथें एक भेद सांगितला पाहिजे. खूर वाढणें आणि खूर कुजणें या दोन गोष्टी आहेत. बेचक्यांत लालसरपणा, कुजका वास, कड सुटलेली, शेळी टोंगळ्यांवर बसून चरते, असें दिसल्यास तो जंतूंचा रोग होय. पूर्वीं अशा खुराचा सडका भाग खोलवर कोरून काढीत. पण इंग्लंडांत मेंढ्यांवर झालेल्या अभ्यासांत, तसें केल्यानें बरें होण्यास उलट विलंब लागतो असें आढळलें. त्यास कात्री न लावतां पशुवैद्यकाकडून योग्य औषध घ्यावें. रोगाचा जंतू मातींत कांहीं आठवड्यांपलीकडे टिकत नाहीं; तो येतो तो बहुधा नव्यानें विकत घेतलेल्या शेळीच्या पायांतून. म्हणून नवी शेळी कांहीं दिवस वेगळी बांधावी आणि एका घरची कात्री दुसऱ्या घरीं नेतांना उकळत्या पाण्यानें धुवावी. प्रतिबंधासाठीं झिंक सल्फेट दहा लिटर पाण्यांत एक किलो विरघळवून त्यांत शेळ्यांना कांहीं मिनिटें उभें करावें. धानावरील खैरा रोगासाठीं तें आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं असतेंच. मोरचूदही चालतें, परंतु तें अधिक विषारी असल्यानें शेळ्यांनीं तें पाणी पिऊं नये याची खबरदारी घ्यावी. तोंडांत फोड, लाळ व पायांत जखमा एकाच वेळीं दिसल्यास लाळ्या-खुरकूत समजून शेळी वेगळी करून दवाखान्यांत कळवावें.

हें सर्व पशुवैद्यकाचें काम आहे असा आक्षेप येईल. त्याच्याकडे कित्येक गांवें असतात व लसीकरण, अडलेलें बाळंतपण, सर्पदंश हीं कामें त्यानें प्रथम करावयाचीं असतात. आपलीं नखें कापण्यास आपण डॉक्टरकडे जात नाहीं. उमेद अभियानाच्या पशुसखी ज्या गांवीं आहेत, तेथें त्यांच्याकडून शिकतां येईल. परंतु शिकावें घरच्या बाईनें, कारण रोज पाला घालतांना शेळीचा पाय तिच्याच नजरेस पडतो. शेळी-वाटपाच्या योजनांविषयीं माझी एक तक्रार आहे. दहा शेळ्या व एक बोकड असा गट दिला जातो, विमा उतरविला जातो, कानांत बिल्ला मारला जातो. कोरड्या माळावरील जातीचें जनावर आमच्या चिखलांत येऊन उभें राहतें, आणि त्याबरोबर एक कात्री दिलेली मीं अद्याप पाहिली नाहीं. शासन देईल तेव्हां देवो. आपल्या मंडळानें गांवोगांवीं एक कात्री व एक कानस ठेवल्यास खर्च तो किती येणार? बिबट्यानें नेलेल्या एका शेळीच्या किंमतींत अनेक गांवांची सोय होईल.

मृग लागण्यापूर्वीं एकदां आणि धान कापणीच्या सुमारास एकदां सर्व गांवानें मिळून शेळ्यांचे पाय पाहावेत, अशी माझी सूचना आहे. बांधलेल्या शेळ्यांचे मधूनही पाहावे लागतील. बांबू आपल्याकडे पुष्कळ आहे, तेव्हां पावसाळ्यांत शेळ्या बसण्यास फटींचा माच केल्यास पाय कोरडे राहून निम्में काम वांचेल. त्या बाईच्या तिन्ही शेळ्यांचे खूर आम्हीं दोन महिन्यांत चार बैठकींत कापले; चौथ्या वेळीं कात्री तिच्याच हातांत होती आणि मी नुसती मान धरली होती. मंडळाच्या पुढील बैठकीस मी माझी कात्री व कानस घेऊन येतों. ज्यांना शिकावयाचें असेल त्यांनीं घरची एक शेळी आणावी. मात्र दिवस भरत आलेली गाभण शेळी आणूं नये.