प्लेट 'हीट ट्रीटेड' आहे, पण कोणती?

प्रेशरची टाकी बनवणारा कारागीर प्लेट घ्यायला बाजारात जातो तेव्हा दुकानदाराला एकच सवाल करतो, "हीट ट्रीटेड आहे ना?" दुकानदारही एका शब्दात जवाब देतो, "आहे." दारूखाना असो की कळंबोलीचे लोखंड मार्केट, हा सवाल-जवाब ठरलेला. आमच्या मते सवालही अपुरा आणि जवाबही अपुरा. भाजलेली वस्तू द्या म्हटल्यावर समोरच्याने भाकरी द्यायची की वीट?

कुर्ल्यापासून भिवंडी-मालेगावपर्यंत आपले कितीतरी भाऊ फॅब्रिकेशनच्या धंद्यात आहेत. एअर रिसीव्हर, रंगखात्यातील जॅकेटची भांडी, सायझिंगच्या वाफेच्या टाक्या ही त्यांची रोजी. यातली एखादी टाकी फुटली तर तिच्याशेजारी उभा असतो तो शेडमधला मजूर, तोही बहुधा आपल्यातलाच. म्हणून हा विषय नुसता भावाचा नाही.

आधी प्रकार समजून घेऊ. रोलिंग मिलमधून लाल प्लेट लाटून निघाली आणि आपोआप थंड झाली, तर ती 'ॲज रोल्ड'. तिला निराळी भट्टी दिलेली नसते. हीच प्लेट पुन्हा सुमारे ९०० अंशांवर तापवून उघड्या हवेत निवू दिली की ती 'नॉर्मलाइज्ड' होते. पोलादाचा दाणा बारीक आणि सारखा होतो, थंडीत प्लेट तडकण्याची भीती कमी होते. तिसरा प्रकार 'क्वेंच्ड अँड टेम्पर्ड'. लोहार छिन्नीला पाणी देतो आणि मग थोडे तापवून ते उतरवतो, तेच काम मोठ्या प्रमाणावर. ताकद खूप वाढते. अमेरिकन संहितेतील एसए ५१७ या जातीची प्लेट किमान ६९० मेगापास्कलपर्यंत वाकत नाही. नेहमीच्या एसए ५१६ ग्रेड ७० ची ही मर्यादा २६० आहे.

एसए ५१६ बाबत एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ४० मिलिमीटरपर्यंतची प्लेट सर्वसाधारणपणे ॲज रोल्डच मिळते. त्याहून जाड असेल तरच नॉर्मलाइज करणे सक्तीचे. तेव्हा १० मिलिमीटरची '५१६' घेतली म्हणजे ती हीट ट्रीटेडच असणार, हा समज चुकीचा. पातळ प्लेट नॉर्मलाइज्ड हवी तर ऑर्डरमध्ये तसे लिहावे लागते, पैसे जास्त मोजावे लागतात. ओळखण्याची खूण प्लेटवरच असते. जिला ही प्रक्रिया हवी आणि दिलेली आहे, तिच्यावर जातीच्या नंबरापुढे 'एमटी' अशी अक्षरे असतात. जिला हवी पण अजून दिलेली नाही, तिच्यावर 'जी', म्हणजे ग्रीन, आपल्या भाषेत कच्ची. कच्ची प्लेट स्वस्तात पडली म्हणून खूश होणाऱ्याने ती भट्टी कोण देणार याचाही विचार करावा.

मग महाग प्लेट घेतली की काम चांगले, असे आहे का? मुळीच नाही. हिशेबच करून पाहू. एक मीटर व्यासाचा एअर रिसीव्हर, दाब सुमारे १० किलो, वेल्डिंगची कार्यक्षमता ८५ टक्के, गंजासाठी दीड मिलिमीटर जादा. एसए २८५ ग्रेड सी या साध्या प्लेटने शेलची जाडी साधारण ७ मिलिमीटर येते, म्हणजे बाजारातली ८ ची प्लेट घ्यावी लागते. ५१६ ग्रेड ७० ने ती ५.८ च्या आसपास येते, ६ ची प्लेट चालते. इथे वजन कमी झाले, वेल्डिंग कमी झाले, फायदा उघड आहे. आता पाणी दिलेली एसए ५३७ क्लास २ घ्या. हिशेब ५.२५ वर येतो, पण ५ ची चालत नाही, म्हणून पुन्हा ६ चीच. दाम जास्त, जाडी तीच, वेल्डिंगची कटकट वाढली ती वेगळीच. भारी प्लेटचा खरा उपयोग मोठ्या व्यासाला, जास्त दाबाला आणि थंड कामाला. रत्नागिरीकडच्या मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनियाची थंड टाकी करायची असेल तर नॉर्मलाइज्ड आणि त्या तापमानाला चार्पीची चाचणी झालेली प्लेट मागावी. तिथे काटकसर नको.

उलट बाजूचा मोहही मोठा आहे. आयएस २०६२ ची बांधकामाची प्लेट २५० ची, ५१६ ग्रेड ७० ही २६० ची. दहाच्या फरकासाठी एवढे जादा पैसे कशाला, असे व्यापारी विचारतात. पण फरक त्या दहात नाहीच. प्रेशर व्हेसलच्या प्लेटमध्ये लाटून निघालेल्या प्रत्येक प्लेटचा तुकडा ताणून तपासतात. बांधकामाच्या मालात एका चाचणीवर कितीतरी प्लेटा पास होतात. पूल-इमारतीला ते पुरते. आत वाफ कोंडायची असेल तेव्हा आपल्या हातातली नेमकी प्लेट तपासलेली असावी लागते. जहाजतोडीच्या प्लेटबद्दल तर बोलायलाच नको. जहाजाला ती उत्तम असेल, पण किती वर्षे खाऱ्या पाण्यात काढली आणि गॅस कटरने किती भाजली याचा हिशेब कोणाकडे?

आता कारागिराचा भाग. प्लेट कितीही चांगली असो, वर्कशॉपमध्ये तिच्याशी काय वागणूक होते यावर पुढचे सारे. टेम्पर्ड प्लेटला मिलमध्ये ६०० अंशांच्या आसपास उतरवलेले असते. वाकत नाही म्हणून मिस्त्रीने गॅसचा बंब लावून ती लालभडक केली की पाण्याचे पैसे गेलेच समजा. दिसायला प्लेट तशीच राहते, अंगातली ताकद मात्र निघून जाते. नॉर्मलाइज्ड प्लेटचा डिशेंड गरम दाबला, तर तो पुन्हा भट्टीत घालून नॉर्मलाइज करता येतो, चांगली भट्टी असलेला कोणीही ते करील. क्वेंच्ड प्लेटला पुन्हा तसेच पाणी देण्याची सोय छोट्या कारखान्यात नसते. सबब, ज्यांच्याकडे रॉड भाजण्याचा ओव्हन नाही, प्रीहीट मोजण्याचे साधन नाही, त्यांनी क्वेंच्ड प्लेटचे काम घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. यात कमीपणा कसला? नॉर्मलाइज्ड आणि ॲज रोल्ड प्लेटचेच काम बाजारात भरपूर आहे.

योग्य जातीची प्लेट असूनही काय होते, त्याचे उदाहरण शिकागोजवळच्या रोमिओव्हिल येथील युनियन ऑइलच्या रिफायनरीतले आहे. तिथला एक उंच टॉवर एसए ५१६ च्याच जोडीच्या ए ५१६ ग्रेड ७० चा, २५ मिलिमीटर जाडीचा होता. १९७४ मध्ये त्याचा एक पट्टा जागेवरच कापून नवा जोडला. वेल्डिंगनंतर ताण घालवणारी भट्टी दिली नाही. एवढ्या जाडीला संहितेच्या सर्वसाधारण नियमाने ती सक्तीची नसते. पण आत हायड्रोजन सल्फाइडचे काम चालत होते. वेल्डच्या कडेला पोलाद कडक झाले होते, त्यात हायड्रोजन शिरून चिरा वाढत गेल्या. २३ जुलै १९८४ रोजी टॉवर फाटला, वरचा भाग सुमारे एक किलोमीटर दूर जाऊन पडला, १७ माणसे गेली. प्लेट निवडताना आत काय भरणार हे ग्राहकाला विचारलेच पाहिजे, ते यासाठी. गिऱ्हाईक सांगायला कंटाळते, पण आपण विचारायला कंटाळू नये.

व्यापारी बंधूंना आमची एक तक्रार आहे, ती राग न मानता ऐकावी. मिलची प्लेट येते तेव्हा तिच्या कोपऱ्यावर जात, हीट नंबर, प्लेट नंबर पंच केलेला असतो. दुकानात तिचे चार तुकडे होतात, पंच एका तुकड्यावर राहतो आणि बाकीचे तीन अनाथ होतात. मग चारही गिऱ्हाइकांना एकाच टीसीची झेरॉक्स. ती झेरॉक्स खरी असेल, पण हा तुकडा तिचाच कशावरून? इन्स्पेक्टर हाच सवाल करतो आणि छोट्या फॅब्रिकेटरचे तयार काम अडकते. काम पुढच्या वेळी मोठ्या कंपनीकडे जाते. बॉयलरचा १९२३ चा कायदा जाऊन संसदेने २०२५ मध्ये नवा आणला, तरी प्लेटची ओळख पटवण्याची गरज काही संपलेली नाही.

यावर उपाय स्वस्त आहे. कटर लावण्याआधी प्रत्येक भागावर नंबर पंच करायचा आणि मगच कापायचे. एक अक्षरांचा पंच-संच, एक हातोडी आणि मजुराची पाच मिनिटे. जे दुकानदार हे करतील त्यांनी तुकड्याचे दोन पैसे जास्त घ्यावेत, कारागिरांनी ते खुशीने द्यावेत.

ऑर्डर लिहिणाऱ्यांसाठी एक शेवटची सूचना. टाकी तयार झाल्यावर तिला ताण घालवणारी भट्टी द्यायची असेल, तर ते प्लेट मागवतानाच कळवा. त्या भट्टीने प्लेटची ताकद थोडी उतरते. मिलला आधी सांगितले तर ते नमुन्याच्या तुकड्याला तेवढीच भट्टी, तेवढेच तास देऊन मग चाचणी घेतात आणि टीसीवर तसे लिहून देतात. टाकी उभी राहिल्यावर हा कागद कुठून आणणार?