उद्यानांचा कारभार आणि कायद्याची सनद

एखाद्या सार्वजनिक बागेचे कुंपण कोणी आत सरकवले, किंवा तिच्या कोपऱ्यात वाहनतळ उभारण्याची तजवीज चालली आहे असे कानावर आले, तर नागरिकाने फिर्याद घेऊन नेमके कोणाच्या दारी जावे, या साध्या प्रश्नाला महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत सरळ उत्तर नाही. उद्यान विभाग असतो. परंतु तो आयुक्तांच्या अखत्यारीतील अनेक विभागांपैकी एक असून रोपे लावणे, पाणी घालणे व खेळणी दुरुस्त करणे यापलीकडे त्याची हुकमत चालत नाही. जमिनीचे कागद मालमत्ता विभागाच्या दप्तरात, आरक्षणाचा निर्णय नगररचना खात्याकडे, आणि पैशाची मंजुरी स्थायी समितीकडे. ज्याच्या हाती बाग आहे त्याच्या हाती जमीन नाही, आणि ज्याच्या हाती जमीन आहे त्याला बागेशी कर्तव्य नाही, अशी ही विभागणी आहे. शहरांतील उद्यानांसाठी कायद्याने निर्माण केलेले, स्वतःचा कोष असलेले आणि मतदारांना जबाबदार असलेले मंडळ असावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

या दुर्बलतेचे मूळ आपल्या कायद्यातच आहे. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाने पालिकेची कर्तव्ये दोन वर्गांत विभागली. पाणीपुरवठा, सांडपाणी, रस्ते व दिवाबत्ती ही आवश्यक कर्तव्ये ठरली, आणि सार्वजनिक बागा व क्रीडांगणे स्वेच्छाधीन कर्तव्यांच्या यादीत गेली. पुढे 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांचा स्पष्ट नामनिर्देश केला खरा; परंतु ती अनुसूची राज्याने पालिकांकडे सोपविता येतील अशा विषयांची आहे, नागरिकाला न्यायालयात मागता येईल अशा हक्कांची नव्हे. 1975 च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणे निर्माण झाली व परवानगीवाचून झाड तोडणे अपराध ठरला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ज्या भूमीवर ते झाड उभे आहे त्या भूमीचा कैवार घेणारे तसे प्राधिकरण मात्र आपण निर्माण केलेले नाही.

बागा गमावण्याचा सर्वांत मोठा मार्ग अतिक्रमणाचा आहे असा सर्वसाधारण समज असला, तरी प्रत्यक्षात त्याहून शांत आणि पूर्णपणे कायदेशीर असा एक मार्ग आहे. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 अन्वये, विकास आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादन झाली नाही, तर मालक पालिकेला खरेदीची सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. मालकाच्या बाजूने पाहता ही तरतूद न्याय्यच आहे, कारण कोणाचीही जमीन नकाशावर हिरवा रंग फासून पिढ्यान् पिढ्या अडकवून ठेवण्याचा अधिकार शासनाला असू नये. परंतु परिणाम असा होतो की सूचना दाखल होते, प्रस्ताव एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरतो, अंदाजपत्रकात मोबदल्याची तरतूद नसते, मुदत सरते, आणि ज्या वस्तीतील मुलांसाठी ते मैदान योजले होते तिला त्याचा पत्ताही लागत नाही. या व्यवहारात लबाडी असावीच लागत नाही; वेळेवर पैसा उभा करण्याचा अधिकार आणि जबाबदारी एकाच संस्थेवर नसली, एवढे पुरते.

अमेरिकेतील मिनियापोलिस शहराने याच प्रश्नाचे उत्तर 1883 साली दिले. मिनेसोटाच्या विधिमंडळाने त्या वर्षी उद्यानमंडळाचा कायदा केला, आणि एप्रिलमध्ये मतदारांनी त्यास कौल दिला. त्या मंडळाला जमीन सक्तीने संपादन करण्याचा, उद्यानामुळे ज्यांच्या मिळकतींचे मूल्य वाढते त्यांच्याकडून खर्चाचा वाटा वसूल करण्याचा आणि करउत्पन्नात स्वतःचा हिस्सा मिळविण्याचा अधिकार होता. होरेस क्लीव्हलंड या उद्यानरचनाकाराने त्याच वर्षी मंडळापुढे मांडलेल्या योजनेत, शहर वाढून जमिनी महाग होण्यापूर्वीच त्या ताब्यात घ्याव्यात असा आग्रह धरला होता. आणि तो सल्ला ऐकता आला, कारण ऐकणाऱ्याच्या हाती थैली होती. आजही त्या शहरात नऊ सदस्यांचे मंडळ, सहा प्रभागांतून व तीन संपूर्ण शहरातून, थेट मतदानाने निवडले जाते, आणि तळ्यांचे बहुतेक सारे काठ सर्वांना मोकळे आहेत.

परंतु अधिकार देताना एक अधिकार हेतुपुरस्सर काढून घेतला पाहिजे, आणि तो म्हणजे उद्यान दुसऱ्याला देऊन टाकण्याचा. बंगळूरमध्ये सार्वजनिक उद्यानासाठी राखलेली जागा विकास प्राधिकरणाने एका खाजगी रुग्णालयासाठी दिली, तेव्हा तेथील रहिवासी न्यायालयात गेले, आणि 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवून रहिवाशांचा दाद मागण्याचा हक्कही मान्य केला. लखनौचे प्रकरण तर प्रत्येक नगरसेवकाने मुळातून वाचावे असे आहे. अमीनाबादेतील झंडेवाला पार्क या स्वातंत्र्यचळवळीशी निगडित मैदानाखाली भुयारी बाजार बांधण्याचा करार तेथील महापालिकेने 1993 साली निविदा न मागविता एका बांधकाम कंपनीशी केला, बांधकामही पुष्कळसे झाले, आणि तरीही 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने ते पाडून उद्यान पूर्ववत करण्याचा हुकूम दिला. महापालिका उद्यानाची धनी नसून विश्वस्त आहे, हे त्या निर्णयाचे मर्म होय. मात्र कंत्राट झाल्यावर, खोदाई झाल्यावर, वर्षे उलटल्यावर मिळणारा न्याय हा उद्यानांच्या रक्षणाचा नित्याचा उपाय होऊ शकत नाही. प्रत्येक वस्तीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याचे बळ कोठून यावे?

मुंबईत जानेवारी 2016 मध्ये मोकळ्या जागा खाजगी संस्थांना सांभाळण्यास देण्याचे धोरण महापालिकेने संमत केले आणि नागरिकांच्या विरोधानंतर मुख्यमंत्र्यांनी त्यास स्थगिती दिली. स्थगिती योग्यच होती; परंतु शहरातील मैदानांचे भवितव्य राज्याच्या प्रमुखाच्या एका आदेशावर अवलंबून असावे, ही स्थिती निश्चिंत करणारी नाही, कारण जो आदेश आज रोखतो तो उद्या सोडूही शकतो.

आणखी एक प्राधिकरण कशाला, हा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि त्यात तथ्यही आहे. शासनाने नेमलेल्या सदस्यांची विकास प्राधिकरणे महाराष्ट्रात पुष्कळ झाली, आणि त्यांनी निर्वाचित पालिकांचे अधिकारच आकसून घेतले. म्हणून उद्यानमंडळातील बहुसंख्य सदस्य मतदारांनी निवडलेले असावेत, त्याच्या बैठका खुल्या असाव्यात, आणि मालमत्ता कराचा ठरावीक हिस्सा त्याच्याकडे परस्पर वर्ग व्हावा. कलम 127 खालील प्रत्येक सूचना मिळताच मंडळाकडे जावी, आणि बागेचा कोणताही भाग अन्य कामासाठी घ्यावयाचा असेल तर जाहीर सुनावणी व तेवढ्याच क्षेत्राची, त्याच प्रभागातील, पर्यायी जमीन या अटी कायद्यातच नमूद असाव्यात.

हा कायदा होण्यास अवधी लागेल. तोवर प्रत्येक पालिकेने एक गोष्ट साध्या ठरावाने करावी: आपल्या हद्दीतील प्रत्येक बाग, मैदान व आरक्षित मोकळी जागा यांची सर्वेक्षण क्रमांक, क्षेत्रफळ, सध्याचा कब्जेदार आणि आरक्षणाची मुदत यांसह नोंदवही तयार करून ती प्रभाग कार्यालयात कोणालाही पाहता येईल अशी ठेवावी, आणि दर वर्षी अंदाजपत्रकाच्या सभेत ती पटलावर मांडावी.