स्वर्गाची आशा आणि पृथ्वीचे ऋण

ख्रिस्ती श्रद्धेच्या ज्या अंगावर आधुनिक विचारवंतांनी अधिकात अधिक शरसंधान केले आहे, ते म्हणजे तिची स्वर्गाविषयीची आशा. आक्षेप मुख्यतः तीन आहेत. धर्म ही लोकांची अफू होय असे कार्ल मार्क्सने १८४४ साली लिहिले, आणि १९११ मध्ये जो हिल या अमेरिकन कामगार-कवीने, आज उपाशी राहा, मेल्यावर पक्वान्ने मिळतील, असे सांगणाऱ्या धर्मोपदेशकांची आपल्या गीतात यथेच्छ टर उडविली, हा पहिला. मनुष्याच्या पोरक्या मनाला जे हवेसे वाटते तेच तो सत्य म्हणून आकाशात टांगून ठेवतो, हे फ्रॉइडने १९२७ सालच्या आपल्या ग्रंथात केलेले निदान दुसरा. तिसरा आक्षेप आपल्या भूमीतला आणि माझ्या मते सर्वांत मार्मिक आहे: स्वर्ग हे पुण्याचे फळ, पुण्य सरले की स्वर्गही सरतो, आणि ज्या संतांनी मुक्तीदेखील नाकारून भक्तीसाठी पुन्हा जन्म मागितला, त्यांच्या वारसांनी स्वर्गाच्या लोभाने केलेल्या सदाचाराला भक्ती का म्हणावे?

या आक्षेपांचा परामर्श घेण्यापूर्वी एक गोष्ट निःसंकोचपणे कबूल केली पाहिजे. परलोकाची आशा दाखवून इहलोकीचा अन्याय पचवावयास लावण्याचे पाप ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनी केले आहे. वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांसाठी १८०७ साली लंडनमध्ये बायबलाचा एक संक्षेप छापण्यात आला. इस्राएल लोकांना देवाने मिसर देशाच्या दास्यातून कसे सोडविले, ही कथाच त्यातून गाळलेली आहे. प्रतिपक्षाने हा पुरावा खुशाल दाखल करावा. परंतु त्याने नेमके काय शाबीत होते, हेही पाहावे. ज्या ग्रंथापासून गुंगीचे औषध तयार करावयाचे त्याला आधी कात्री लावावी लागली, म्हणजे सबंध ग्रंथ हाती पडल्यास गुलाम गुंगीत राहणार नाही, याची मालकांना पक्की खात्री होती. दुरुपयोगाची फिर्याद दुरुपयोग करणारावर चालावी. सिद्धांताचा फैसला मूळ दस्तऐवजांवरूनच झाला पाहिजे.

ते दस्तऐवज काय सांगतात? देह टाकून आत्म्याने कोठे तरी दूर निघून जावे, एवढ्यावर नव्या कराराची आशा थांबत नाही. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात देहाचे पुनरुत्थान कबूल केलेले आहे. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात पवित्र नगरी स्वर्गातून खाली उतरते आणि देवच माणसांत वस्तीला येतो. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत तर स्वर्गाप्रमाणे पृथ्वीवरही देवाची इच्छा पूर्ण होवो, अशी रोजची मागणी आहे. ज्याला ही पृथ्वी नवी होणार असे वाटते, तो तिच्याकडे परक्याच्या धर्मशाळेसारखे पाहू शकत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौलाने पेरलेल्या दाण्याचा दृष्टांत देऊन पुनरुत्थानाचे सविस्तर मंडन केले, आणि अठ्ठावन्नाव्या, म्हणजे अखेरच्या, वचनात त्याचा निष्कर्ष काढला तो हाच, की तुमचे श्रम व्यर्थ जाणार नाहीत, सबब कामात अढळ राहा. थेस्सलनीका येथील मंडळीत प्रभूचा दिवस येऊन ठेपल्याची आवई उठली होती आणि काही मंडळी कामधंदा सोडून रिकामी हिंडत होती. त्यांच्यासंबंधी त्याच पौलाचा हुकूम आहे, की जो काम करीत नाही त्याने खाऊही नये. आशेमुळे आळस बोकाळतो हा आक्षेप मार्क्सच्या जन्मापूर्वी अठरा शतके उपस्थित झाला होता, आणि त्याचा निकालही तेव्हाच लागला होता.

आता इतिहासाची साक्ष काढू. तिसऱ्या शतकाच्या मध्यास अलेक्झांड्रिया शहरात भयंकर साथ पसरली, तेव्हा आप्तेष्टही रोग्यांना रस्त्यावर टाकून पळत असताना ख्रिस्ती लोकांनी त्यांची शुश्रूषा केली आणि कित्येकांनी त्यापायी प्राण दिले, असे तेथील बिशप दियोनिसियस याने लिहून ठेवले आहे. हा स्वपक्षाचा साक्षीदार म्हणून कोणी बाजूला सारील. त्याने सम्राट जूलियनचे गालातियाच्या महापुरोहितास धाडलेले पत्र पाहावे. ख्रिस्ती धर्माचा हा हाडवैरी सुमारे ३६२ साली तक्रार करतो, की हे लोक आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात आणि आम्हांस लाज आणतात. मरणाचे भय ज्यांच्या मनातून गेले होते, त्यांनाच मरणाऱ्याच्या उशाशी बसणे शक्य झाले. अफूने माणूस झोपतो. येथे तर रात्रीचा दिवस करणारी माणसे दिसतात.

दूर कशाला, पुणे जिल्ह्यातले केडगाव पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने मरावयास टेकलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्यातून मुक्तिसदन उभे राहिले. रमाबाईंची परलोकावरील श्रद्धा अत्यंत उत्कट होती. स्वर्गाने माणूस निष्क्रिय होतो हा सिद्धांत खरा असता, तर या बाईंनी त्या मुलींना गोड मरणाचे दोन शब्द ऐकवून परत फिरावयास हवे होते. त्यांनी त्यांना अन्न दिले, अक्षरओळख दिली, शेती, विणकाम, छापखाना यांतून पोटापाण्याची सोय लावली. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली, तरी त्यांनी बायबलाचे मराठी भाषांतर सोडले नाही. पुढच्याच वर्षी मृत्यू येण्यापूर्वी ते तडीस नेले. मुलीची पुन्हा भेट होईल ही आशा नुसती सांत्वनापुरती असती, तर ती सांत्वनातच विरून गेली असती. येथे तिने लेखणी हाती धरण्याचे बळ दिले.

फ्रॉइडच्या निदानाला उत्तर थोडक्यात देता येते. तहान लागते म्हणून पाणी असतेच असे नव्हे, हे मान्य. पण तहान लागते म्हणून पाणी नाहीच, हेही तितकेच तर्कदुष्ट होय. शिवाय ही आशा निव्वळ मनाची इच्छा असती, तर तिच्यात न्यायासनाला जागा कशाला ठेवली असती? मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्यास अन्न, तान्हेल्यास पाणी, परक्यास आसरा दिला की नाही, याचीच चौकशी आहे. लूकच्या शुभवर्तमानात दारातल्या लाजराकडे न पाहणारा श्रीमंत यातनेत पडतो. स्वतःच्या समाधानासाठी स्वप्न रचणारा मनुष्य त्यात स्वतःलाच आरोपीच्या जागी उभा करीत नाही.

राहिला भक्ताचा आक्षेप. त्यातील मर्म ख्रिस्ती श्रद्धेला अमान्य नाही. तारण हे देवाच्या कृपेचे दान आहे. पुण्य मोजून ते पदरात पाडून घेता येत नाही, म्हणून पुण्य सरताच ते सरतही नाही. आणि त्या दानात मुख्य वस्तू कोणती? देवाचे दर्शन. प्रियकराच्या सहवासाची ओढ ही प्रेमाची मजुरी ठरत नाही. फिलिप्पैकरांस तुरुंगातून लिहिताना पौल म्हणतो, की देह सोडून ख्रिस्ताजवळ असणे मला अधिक बरे वाटते, तथापि तुमच्याकरिता येथे राहणे अगत्याचे आहे. भक्तांसाठी स्वर्ग लांबणीवर टाकणारा हा पौल आणि भक्तीसाठी मोक्ष परतविणारे आपले संत यांची या एका मुद्द्यापुरती तरी सहज ओळख पटावी.

तात्पर्य, स्वर्गाची आशा श्रद्धावंताला कर्तव्यातून सूट देत नाही. त्याच्या कर्जाचा आकडा ती वाढवते. म्हणून अखेरचा शब्द आक्षेपकांना उद्देशून लिहीत नाही. तो स्वकीयांसाठी आहे. जी मंडळी दफनविधीत पुनरुत्थानाची गीते गातात आणि सोमवारी गड्याची मजुरी बुडवतात, त्यांनी मार्क्सवर रागावण्याचा हक्क गमावलेला आहे. ज्यांना ही आशा खरी वाटते, त्यांनी तिचा पुरावा आपल्या गावात, आपल्या दारात, आजच सादर करावा.