भोकांची संहिता

नक्षी एकदा संगणकात घेतली की जकार्डचे जुने पुठ्ठे रद्दीत घालावेत, हा युक्तिवाद सोलापुरी चादरीच्या संदर्भात वरकरणी बिनतोड वाटतो. तो मुळातच सदोष आहे.

जकार्ड यंत्रात बाण्याच्या प्रत्येक धाग्यासाठी एक पुठ्ठा असतो. भोक असेल तिथे हूक वर उचलला जातो, नसेल तिथे ताण्याचा धागा खालीच राहतो. फ्रान्समध्ये १८०४ साली सिद्ध झालेल्या या लिपीला १९८३ साली मिलानच्या प्रदर्शनात आलेल्या इलेक्ट्रॉनिक जकार्डने पर्याय दिला. पुठ्ठ्याच्या जागी फाइल आली.

परंतु भोके मोजून फाइल बनते, नक्षी नव्हे. कोणता हूक कोणत्या धाग्यांना बांधला आहे, हे पुठ्ठ्यावर नव्हे, मागावरील दोऱ्यांच्या बांधणीत नोंदलेले असते. नव्या यंत्रात ही बांधणी बदलली की त्याच भोकांतून मोर विस्कटतो. शिवाय बुजवलेले भोक ही चूक की दुरुस्ती, हे स्कॅनर सांगत नाही, विणकर सांगतो.

म्हणूनच हा प्रश्न आपल्या विद्याशाखेचाही आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती निव्वळ नक्कल करून नव्हे. पाठचिकित्सा शिकवणारे आपण पोथीपुढे नतमस्तक होतो आणि पुठ्ठ्याला भंगार म्हणतो, तेव्हा अक्षराला मान व श्रमाला रद्दी हा जुनाच भेद पाळत असतो.

फाइल जरूर करावी. पण पुठ्ठा, बांधणीची नोंद आणि विणकराची साक्ष यांच्यासह. सोलापुरात ही साक्ष पुष्कळदा तेलुगूत मिळेल. तीही लिहून घ्यावी.