एकाच धर्माचे दोन शेजारी, पण वाटा वेगळ्या

"मुस्लिम देशात लोकशाही टिकतच नाही." हे वाक्य स्टाफरूमपासून टीव्हीपर्यंत आपण कितीदा ऐकलंय. ते तपासायचं असेल तर पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल आणि माली या दोन शेजाऱ्यांकडे पाहा.

दोन्हीकडे नव्वद टक्क्यांहून जास्त मुसलमान. दोन्हीवर फ्रान्सची सत्ता होती. १९६० साली तर काही महिने दोघांचं मिळून एकच संघराज्य होतं.

सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेंघोर ख्रिस्ती होते. वीस वर्षांनी ते स्वतःहून पायउतार झाले. तिथे लष्कराने आजवर सत्ता बळकावलेली नाही. २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकी साल यांनी फेब्रुवारीतली निवडणूक पुढे ढकलली. लोक रस्त्यावर उतरले आणि घटना परिषदेने तो निर्णय रद्द केला. २४ मार्चला मतदान झालं. दहा दिवसांपूर्वी तुरुंगातून सुटलेले विरोधी उमेदवार बासिरू फाय पहिल्याच फेरीत सुमारे ५४ टक्के मतांनी जिंकले. साल यांनी खुर्ची सोडली. त्याआधीच्या तीन वर्षांत आंदोलनांत अनेक जीव गेले, हेही विसरू नये.

मालीत लष्कराने २०२० आणि २०२१ मध्ये लागोपाठ दोन उठाव केले. पहिल्या वेळी अवामने सैनिकांचं स्वागतच केलं. का? निवडून आलेलं सरकार भ्रष्टाचारात बुडालेलं होतं आणि सशस्त्र टोळ्यांपासून गावांना वाचवू शकत नव्हतं. पण २०२४ ची कबूल केलेली निवडणूक झालीच नाही. २०२५ मध्ये सगळे राजकीय पक्ष बरखास्त झाले आणि लष्करी शासक गोइता यांना निवडणुकीशिवाय पाच वर्षं बहाल झाली. टोळ्यांचे हल्ले काही थांबले नाहीत.

मजहब एकच, मग फरक कशाचा? सत्ताधाऱ्याला 'नाही' म्हणणाऱ्या न्यायसंस्थेचा, बराकीत राहणाऱ्या लष्कराचा आणि वेळेवर जागं होणाऱ्या अवामचा.

आणि हे फक्त मुस्लिम देशांपुरतं नाही. ख्रिस्ती बहुसंख्य मलावीत घटना न्यायालयाने २०२० मध्ये गैरप्रकारांची निवडणूक रद्द केली, फेरमतदानात सरकार बदललं. ख्रिस्ती बहुसंख्य कॅमेरूनमध्ये मात्र पॉल बिया १९८२ पासून खुर्चीवर आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ते वाक्य फेकलं, तर चिडू नका. नकाशा उघडा आणि सेनेगलवर बोट ठेवा. पण मालीही दाखवा. संस्था सांभाळल्या नाहीत, तर काय होतं ते त्यातून मुलांना कळेल.