अनंताची पाच नावं

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. आज शनिवार आहे, चहा समोर आहे आणि डोकं अजून गरम आहे. तेव्हा ऐकाच.

गेल्या आठवड्यात आमच्या टीममध्ये नमपाय १ वरून २ वर जायचं काम निघालं. (नमपाय म्हणजे पायथनमध्ये आकडेमोड करणाऱ्यांची रोजची भाजी-भाकरी.) अपग्रेड केलं आणि आमचा जुना कोड धडाधड कोसळला. शेजारचा सहकारी वैतागला, "च्यायला, चालतंय ते कशाला मोडतात हे लोक? नुसती नावं बदलायची, आणि म्हणे नवीन व्हर्जन!"

त्याच्याशी सुरू झालेलं भांडण इथे पूर्ण करतो.

जुन्या नमपायमध्ये 'अनंत' ही एकच गोष्ट पाच नावांनी मिळायची: छोट्या आयचं इन्फ, मोठ्या आयचं इन्फ, इन्फिनिटी, इन्फ्टी आणि पी-इन्फ. विष्णूला सहस्र नावं असायला हरकत नाही, तिथे निदान पुण्य मिळतं! लायब्ररीत मात्र प्रत्येक जादा नाव म्हणजे नव्या माणसापुढे एक प्रश्न: या दोघांत फरक काय? काहीच फरक नाही, हे कळायला बिचाऱ्याचा अर्धा तास जातो.

जून २०२४ मध्ये आलेल्या २.० ने पाचातलं एकच नाव ठेवलं. मुख्य नेमस्पेसमधली शंभरेक नावं काढली, हलवली किंवा निरोपाच्या रांगेत उभी केली. 'कोर' हे आतल्या कामाचं मॉड्यूल, त्याच्या नावाआधी अंडरस्कोर लावला. म्हणजे दारावर 'आत येऊ नये' अशी पाटी. आम्ही नेमके तिथेच हात घालून बसलो होतो. पाटी नव्हती ही त्यांची चूक, न विचारता शिरलो ही आमची.

आणि एरर काय आली? अमुक नाव २.० मध्ये काढलंय, त्याऐवजी तमुक वापरा. याला म्हणतात डॉक्युमेंटेशन! जिथे ठेच लागते तिथेच मलमपट्टी. सोबत स्थलांतराची सविस्तर माहिती, शिवाय 'रफ' नावाच्या टूलमध्ये बरीचशी नावं आपोआप बदलून देणारा नियमही आहे. काम दीड दिवसात संपलं. भांडण जास्त चाललं :)

हे सगळं आभाळातून पडलेलं नाही. खगोलशास्त्रज्ञ जोसेफ हॅरिंग्टन यांनी नमपाय वापरून विद्यार्थ्यांना शिकवलं, तेव्हा माहितीअभावी पोरांचे हाल झाले. मग २००८ च्या उन्हाळ्यात डॉक्युमेंटेशनची मॅरेथॉन भरली. फंक्शन काय घेतं, काय परत देतं, उदाहरण काय, हे एका ठरलेल्या साच्यात लोकांनी लिहून काढलं. आज आपण हेल्प विचारतो आणि उदाहरणासकट उत्तर येतं, त्यामागे ही हमाली आहे.

तरी आपल्याकडचे शूरवीर म्हणणार, "कोड हेच डॉक्युमेंटेशन." अहो, कोड काय करतो ते कोड सांगेल. त्यातल्या कशावर विसंबायचं आणि उद्या काय बदलू शकतं, हे कोण सांगणार?

दुसरा आक्षेप खरा आहे. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये फुकट टी-शर्टसाठी रीडमीत दोन फालतू शब्द घुसडणाऱ्या पुल रिक्वेस्टींचा पूर आला होता. आयोजकांना मध्येच नियम बदलावे लागले. पण ते डॉक्युमेंटेशन नव्हतं, कचरा होता. कचऱ्यापायी झाडूवाल्याला हिणवणं बरं नव्हे.

मंडळी, कुठे अडायला होतं हे फक्त नव्या माणसाला ठाऊक असतं. सहा महिन्यांत तोही जुना होतो आणि विसरतो. म्हणून 'आधी एक्स्पर्ट होऊ, मग लिहू' म्हणू नका. या आठवड्यात ज्या फंक्शनने तुमचा अर्धा तास खाल्ला, त्याचं एक चालणारं उदाहरण लिहून पाठवा. अप्रेझलमध्ये याचे मार्क मिळणार नाहीत, हे आधीच सांगतो. पुढच्या माणसाचा अर्धा तास मात्र वाचेल.

असो. चहा थंड झाला. चूभूद्याघ्या.