डोक्यावरून गेलेला कॅच

गेल्या इंटर-हॉस्टेल फायनलची शेवटची ओव्हर आठवतेय? समोरच्यांना चार बॉलमध्ये सात रन हवे होते. बॅट्समनने डोळे मिटून बॅट फिरवली आणि बॉल लाँग ऑनकडे चढला. तिथे एफ.ई.चा एक पोरगा उभा होता. बॉल दिसताच तो आधी चार पावलं पुढे धावला, मग चूक कळल्यावर तोंड बॉलकडे ठेवूनच उलटा मागे पळायला लागला. पायात पाय अडकला, पोरगा पाठीवर आपटला, बॉल डोक्यावरून बाउंड्रीपार! मॅच गेली. वर मनगटाला प्लास्टर, ऐन सबमिशनच्या तोंडावर.

त्यानंतर हॉस्टेलने त्याचं बारसं केलं : ‘चाळण’. मेसमध्ये ताट घेऊन आला की कुणीतरी ओरडणार, “अरे धर धर, सुटेल!” आपण पोट धरून हसलो. प्लास्टर निघालं, पण तो काही परत ग्राउंडवर आला नाही.

आता खरं सांगतो. टीमचा कॅप्टन मी होतो आणि ती चूक माझी होती. “ज्याला काही येत नाही त्याला बाउंड्रीवर पाठव” हा आपला जुनाच नियम. पण सगळ्यात अवघड कॅच तिथेच जातो! आपली प्रॅक्टिस म्हणजे तासभर बॅटिंग, उरलेल्या वेळात बॉलिंग, आणि कॅचिंग? शून्य. जे आपण कधी शिकवलंच नाही, त्यात पोरगा नापास झाला म्हणून हसायचं? हे म्हणजे न घेतलेल्या प्रॅक्टिकलची ओरल झाली.

डोक्यावरचा बॉल अवघड का, हे आपण इंजिनिअर लोकांनी तरी समजून घ्यावं. 1968 मध्ये सेव्हिल चॅपमन या शास्त्रज्ञाने बेसबॉलच्या कॅचचं गणित मांडलं. हवेचा विरोध सोडून द्या. बॉल बरोबर तुमच्या हातात येणार असेल, तर त्याच्या उन्नत कोनाचा टॅन थीटा एकसारख्या वेगाने वाढतो. वाढीचा वेग जास्त-जास्त होत गेला तर बॉल डोक्यावरून जाणार, मंदावला तर पुढे पडणार. प्रोजेक्टाइलची समीकरणं घेऊन वहीत करून बघा, पाच ओळींत येतं. गंमत अशी की हा फरक पहिल्या क्षणी जाणवतच नाही. म्हणून सूत्र पहिलं : बॉल चढताच पुढे झेप घेऊ नका, क्षणभर थांबून बघा.

सूत्र दुसरं : उलटं पळू नका. तोंड पुढे ठेवून मागे पळणारा माणूस हळू पळतो आणि पडतो. ज्या खांद्यावरून बॉल जाणार त्या बाजूचा पाय मागे टाका, कंबर वळवा, सरळ धावत सुटा आणि खांद्यावरून बॉल बघा. अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉर्नरबॅक नावाचा खेळाडू असतो. लांब पास अडवताना तो सुरुवातीला उलटा सरकतो, पण समोरचा सुसाट सुटला की कंबर वळवून त्याच्याबरोबर पळतो. वळायला उशीर झाला की संपलं. पावसाळ्यात चिखलात आपण फुटबॉल खेळतो, तिथेही लाँग बॉलवर आपले बॅकवाले याच चुकीने मार खातात.

आणि 25 जून 1983 विसरलात? लॉर्ड्सवर मदनलालच्या बॉलिंगवर रिचर्ड्सचा फटका चढला. कपिलदेव मिडविकेटवरून वळून मागे धावत गेला आणि खांद्यावरून येणारा बॉल पकडला. रिचर्ड्स 33 वर आउट, आणि 183 करूनही आपण 43 रननी वर्ल्ड कप जिंकलो.

सूत्र तिसरं : चवड्यांवर धावा. टाचा आपटल्या की डोकं हलतं आणि बॉल नाचताना दिसतो. सूत्र चौथं : “माझा!” असं मोठ्याने ओरडा. हात शेवटी वर न्या, हात वर करून धावलात तर वेग जातो.

आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा अजिंक्य रहाणे. 2015 मध्ये गॉल टेस्टला त्याने 8 कॅच घेतले, विकेटकीपर सोडून तेव्हाचा तो टेस्टमधला विक्रम होता. स्लिपचा कॅच वेगळा, मान्य. पण ती टेस्ट आपण हरलो तरी ते 8 कॅच लोकांच्या लक्षात राहिले. कॅचिंग हीसुद्धा बॅटिंगइतकीच शिकायची विद्या आहे, एवढंच म्हणायचंय.

तर प्रस्ताव असा. रोज संध्याकाळी प्रॅक्टिसच्या आधी दहा मिनिटं फक्त उंच कॅच. जोड्या करा, टेनिस बॉल घ्या, समोरच्याने एकदा डाव्या आणि एकदा उजव्या खांद्यावरून मागे फेकायचा. आठवड्याने अंतर वाढवा. जिमखान्याच्या सरांना विनंती, डझनभर टेनिस बॉल मिळाले तर काम भागेल.

परवा मेसमध्ये मी त्या पोराजवळ जाऊन बसलो आणि सॉरी म्हणालो. तो म्हणाला, “बघू.” येईल की नाही माहीत नाही. पण आला तर त्याला नावाने हाक मारा. ‘चाळण’ खरं तर आपली प्रॅक्टिस होती.